जुन्या ऑफिस इमारतीत दारं बदलायची आहेत? आधी भिंत बघा

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो. पुण्यात मध्यवस्तीत १९७९ च्या सुमाराची, तळमजला अधिक सहा मजले अशी ऑफिसांची इमारत. कमर्शियल प्रिमायसेस सोसायटी, आणि तुम्ही तिचे सेक्रेटरी. जिन्याकडची नि पॅसेजमधली लाकडी दारं वाळवी आणि ओलीने गेली आहेत. सुतार म्हणतो, पस्तीस एमएमचं चांगलं फ्लश डोअर लावू, वरून लॅमिनेट मारू. एका विक्रेत्याने झाडून सगळी दारं दोन तासांची फायर डोअर, म्हणजे दोन तास आग अडवून धरणारी दारं, करण्याचं कोटेशन दिलं आहे आणि तो आकडा बघून कमिटी हबकली आहे. एक ज्येष्ठ सभासद म्हणतात, नकाशा तेव्हा मंजूर झालाय, आजचा नियम आपल्याला लागूच नाही. तर यात खरं कोणाचं?

पूर्ण खरं कोणाचंच नाही. विक्रेत्याचं ऐकलंत तर पैसे वाया जातील, सुताराचं किंवा सभासदांचं ऐकलंत तर जिना वाया जाईल. जुन्या इमारतींचं फायर ऑडिट आणि त्यानंतरची दुरुस्ती हे माझं रोजचं काम. त्यावरून सांगतो.

सभासदांचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो मिटला नाही तर सभेत पुढचं कोणी ऐकणार नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे आणि डिसेंबर २००८ पासून लागू आहे. तो फक्त नव्या बांधकामांसाठी नाही. इमारतीतली आगप्रतिबंधक व्यवस्था पुरवायची आणि चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी त्याने मालक आणि वापरणारा यांच्यावर टाकली आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगप्रतिबंधक व्यवस्था चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचा असतो तो याच कायद्याखाली. तुमची सोसायटी तो देत असेल तर नियम आपल्याला लागू आहेत हे तुम्ही दर सहा महिन्यांनी लिहून देताच आहात. देत नसाल तर दारांच्या आधी तो विषय अजेंड्यावर घ्या.

सभासदांच्या म्हणण्यात एक बाजू मात्र खरी आहे. १९७९ ची इमारत उद्या सकाळी आजच्या संहितेत तंतोतंत बसवा असं कोणीही शहाणा अधिकारी सांगत नाही. जिन्याची रुंदी वाढवता येत नाही, दुसरा जिना आणायला जागा नसते, हे त्यालाही दिसतं. पण सडलेलं दार काढून त्या जागी नवं बसवणं हे आजचं काम आहे आणि ते आजच्या मापानेच मोजलं जातं. 'पूर्वी इथे साधंच दार होतं' हे उत्तर मी पाहणीच्या वेळी अनेकांना देताना ऐकलंय. ते चाललेलं बघितलेलं नाही.

मोजायचं माप म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोड २०१६, त्याचा भाग ४. हा कोड स्वतः शिफारशीच्या स्वरूपाचा आहे. त्याला बळ येतं ते राज्याच्या कायद्यातून आणि विकास नियंत्रण नियमावलीतून. मुंबईत ती डीसीपीआर २०३४, तुमच्याकडे पुण्यात २०२० ची युडीसीपीआर. कोडच्या हिशोबाने १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ही उंच इमारत, आणि तळ अधिक सहा म्हणजे तुम्ही ती रेषा आरामात ओलांडता. हेच तळ अधिक दोनचं कॉम्प्लेक्स असतं तर माझं उत्तर बरंच मवाळ झालं असतं.

आता मुख्य गोष्ट. किती मिनिटांचं दार हवं हे दार कुठे बसतंय त्यावर ठरतं. आग एका बाजूला अडवून धरायची म्हणून इमारतीत काही भिंती असतात. जिन्याभोवतीची भिंत, लिफ्टच्या लॉबीची भिंत, वीजवाहिन्यांच्या उभ्या डक्टची भिंत. त्या भिंतीला ये-जा करायला जे भोक पाडलंय ते बुजवणारी वस्तू म्हणजे फायर डोअर. ज्या भिंतीवर आग अडवायची जबाबदारीच नाही तिच्यात दोन तासांचं दार बसवणं म्हणजे नुसता खर्च. आणि भिंतच प्लायवूडची असेल तर तिच्यात बसवलेलं दोन तासांचं दार दहा मिनिटांनी एकटंच उभं राहील, आजूबाजूला काही नसेल.

म्हणून विक्रेत्याच्या कोटेशनमधली यादी घ्या आणि इमारतीचा मजलेनिहाय नकाशा समोर ठेवा. जिन्यात उघडणारं दार, लिफ्ट लॉबीचं दार, वीज आणि इतर सेवांच्या डक्टची दारं, ट्रान्सफॉर्मर किंवा मुख्य स्विचची खोली, या जागांना कोड १२० मिनिटं सांगतो. यातल्या एकाही जागी तडजोड करू नका. साहेबांच्या केबिनचं दार, मीटिंग रूम, पॅन्ट्री, ऑफिसच्या आतली स्वच्छतागृहं, ऑफिसच्या पोटातली स्टोअर यांना साधारणपणे फायर डोअरची गरज नसते. तिथे सुताराचं फ्लश डोअर खुशाल बसू द्या. मी पाहिलेल्या बहुतेक कोटेशनमध्ये ही दुसरी यादीच पहिलीपेक्षा लांब असते.

इथपर्यंत पुस्तकातलं झालं. खरी गुंतागुंत तुमच्या काळच्या इमारतींच्या रचनेत आहे आणि तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून तुमच्याकडेही तीच आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुण्यात आणि मुंबईच्या उपनगरांत ज्या ऑफिसांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्यातल्या बऱ्याच ठिकाणी जिन्याला स्वतंत्र दारच नाही. जिना चढून लँडिंगवर आलं की समोर लिफ्ट, डावी-उजवीकडे थेट ऑफिसांचे दर्शनी दरवाजे. म्हणजे जिना, लिफ्ट लॉबी आणि पॅसेज एकच मोकळी जागा. अशा ठिकाणी आग अडवणारी रेषा कुठून जाते? ती जाते प्रत्येक ऑफिसच्या दर्शनी भिंतीतून. सभासदाने हौसेने बसवलेलं, कंपनीचं नाव कोरलेलं ते मुख्य दार, तेच तुमच्या इमारतीचं फायर डोअर. नसलं तर असायला हवं होतं.

आणि आज तिथे काय असतं? बारा एमएमची टफन काच, खाली फ्लोअर स्प्रिंग, बाजूला तशाच काचेची स्थिर पट्टी, वर फॉल्स सिलिंगपर्यंत जिप्समची किंवा प्लायची पट्टी. सिलिंगच्या वर हात घालून बघा. पाचांतल्या तीन ऑफिसांत तिथे भिंतच नसते, नुसती वायर आणि डक्ट. टफन काच दणकट असते, पण ती धक्क्यासाठी. आगीसाठी वेगळी, चाचणी झालेली काच येते. दर्शनी काच फुटली की ऑफिसमधला सगळा धूर लँडिंगवर, आणि लँडिंग म्हणजेच जिना, म्हणजे वरच्या सगळ्या मजल्यांची वाट बंद. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला लागलेली आग चौथ्या मजल्यावरून वर चढत गेली तेव्हा अंतर्गत सजावट, पार्टिशन आणि फॉल्स सिलिंग यांची बरीच चर्चा झाली होती. ती चर्चा खाजगी ऑफिसांपर्यंत फारशी पोचलीच नाही.

तेव्हा तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला, प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी भिंत आणि फायर डोअर उभं करून जिना वेगळा काढायचा. लँडिंगला पुरेशी खोली असेल तर हाच उत्तम, कारण मजल्याला एक किंवा दोनच दारं लागतात, ती सोसायटीच्या ताब्यात राहतात आणि सभासदांच्या सजावटीला हात लागत नाही. पण मोजमाप घेतल्याशिवाय हुरळून जाऊ नका. दार उघडल्यावर जिन्याची किंवा लँडिंगची जाण्यायोग्य रुंदी ९०० एमएमच्या खाली येता कामा नये, आणि दार उघडून पहिलं पाऊल थेट पायरीवर पडता कामा नये. शिवाय जिन्याला बाहेरून हवा देणारी जी जाळी किंवा खिडकी आहे ती या नव्या भिंतीच्या आत, जिन्याच्या बाजूलाच राहिली पाहिजे. तिला कोणी काच बसवून एसीची सोय केली असेल तर ती काढा.

दुसरा मार्ग, लँडिंग अरुंद असेल तर, ऑफिसांच्या दर्शनी भिंती स्लॅबपासून स्लॅबपर्यंत वीटकामात किंवा चाचणी झालेल्या पार्टिशनमध्ये पूर्ण करायच्या आणि प्रत्येक दर्शनी दार फायर डोअर करायचं. हा वाद ओढवून घेणारा मार्ग आहे. दार सभासदाचं की सोसायटीचं, खर्च कोणाचा, माझ्या काचेच्या दाराचं काय, हे सगळं होणार. सर्वसाधारण सभेत आधी नकाशावर ती रेषा काढून दाखवा, मगच खर्चाचा ठराव मांडा. ज्यांना काचच हवी त्यांना चाचणी झालेलं काचेचं फायर डोअर मिळतं. किंमत ऐकली की बहुतेकांचं काचेवरचं प्रेम ओसरतं.

भिंतीबद्दल तुम्ही नशीबवान आहात, जुन्या इमारतीत नऊ इंची वीटकाम बहुधा मिळतंच आणि दोन्हीकडून गिलावा असेल तर त्याबद्दल दोन तासांची काळजी करावी लागत नाही. साडेचार इंची भिंत असेल, मध्ये केबलसाठी भोकं पाडलेली असतील, तर सल्लागाराला दाखवा. ती भोकं फायर स्टॉपच्या मसाल्याने बुजवा. गवंड्याने कागद कोंबून वर सिमेंट फासलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता भिंतीवर टकटक करण्याची सवयच लागली आहे.

एक दार कोणाच्याच यादीत नसतं आणि माझ्या मते ते पहिल्या क्रमांकावर हवं. तळमजल्यावर जिन्याखाली मीटर रूम आहे ना? फळ्यांचं दार, कडी नाही, आत जुनी रद्दी, झाडू, दिवाळीच्या माळा. शॉर्टसर्किटने आग लागायची सगळ्यात सोयीची जागा आणि ती नेमकी जिन्याच्या पायथ्याशी. धूर वरच चढणार. मीटर रूमला आणि प्रत्येक मजल्यावरच्या वीज डक्टला १२० मिनिटांचं दार लावा. त्या दाराला हवेसाठी झडपा पाडू नका, कारण झडपांमधून धूर थेट जिन्यात येईल. खोलीला हवा हवीच, पण ती बाहेरच्या भिंतीतून द्या. कुलपाची किल्ली वॉचमनकडे आणि एक महावितरणच्या माणसाला चटकन मिळेल अशी ठेवा. आणि डक्टमध्ये प्रत्येक मजल्याच्या पातळीवर स्लॅबचं भोक बुजवलंय का ते टॉर्च मारून बघा. ते उघडं असेल तर डक्ट म्हणजे सरळ धुराडं, दार कितीही भारी असो.

आता सुताराच्या फ्लश डोअरकडे. त्याचं काम चांगलं असेल, याबद्दल शंका नाही. पण आगीची चाचणी ही वेगळीच गोष्ट आहे. दार चौकटीसकट भट्टीच्या तोंडाशी बसवतात आणि ठरलेल्या आलेखाप्रमाणे तापमान चढवत नेतात. अर्ध्या तासाला साधारण ८४० अंश, तासाला ९४५, दोन तासांना १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास. या काळात पलीकडे ज्वाळा आल्या का, फट पडली का, कापसाचा बोळा धरला तर पेटतो का, हे बघतात. त्याला अभेद्यता म्हणतात. पलीकडच्या पृष्ठभागाचं तापमान सरासरी १४० अंशांहून जास्त वाढलं का, हेही मोजतात, ते उष्णतारोधन. तुमच्या फ्लश डोअरचा गाभा, त्यातला डिंक, कडेला चिकटवलेली लाकडी पट्टी (लिपिंग), यांतलं काहीही या परीक्षेसाठी बनवलेलं नाही.

'मग आमचं जुनं सागवान?' असं पुढे विचाराल, म्हणून सांगतो. जाड सागवान जळतं हळू, मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर या गतीने कोळसा होत आत जातं. पण जुन्या दारात जाड असतात ते खांब आणि आडव्या पट्ट्या. मधल्या दिल्ह्या, म्हणजे त्यांच्यात बसवलेल्या पातळ फळ्या, असतात पंधरा-अठरा एमएमच्या, त्यांच्या कडा तर खाचेत बसवायला आणखी पातळ केलेल्या. आग तिथूनच निघते, आणि दोन तासांच्या कितीतरी आधी. मुंबईत फोर्टमधल्या वारसा इमारतींत दिल्ह्यांमागे अग्निरोधक बोर्ड आणि कडेला आगीत फुगणाऱ्या पट्ट्या घालून जुनी दारं टिकवण्याचा प्रयत्न होतो, पण त्याला वारसा समितीची आणि अग्निशमन दलाची अशी दोन्हीकडची मान्यता लागते. तुमची इमारत वारसा यादीत नाही, त्यामुळे त्या वाटेला जायचं कारण नाही.

दार विकत घेताना एक शब्द लक्षात ठेवा, डोअरसेट. चौकट, पल्ला, बिजागऱ्या, कुलूप, क्लोजर (दार आपोआप मिटवणारं यंत्र), कडेची फुगणारी पट्टी, बघायची काच, हे सगळं मिळून एक वस्तू म्हणून चाचणीला जातं आणि एक वस्तू म्हणूनच पास होतं. फुगणारी पट्टी दीड-दोनशे अंशांना फुलते आणि पल्ला नि चौकट यांच्यातली फट भरून टाकते. कंत्राटदार पैसे वाचवायला जुनी लाकडी चौकट तशीच ठेवून त्यात स्टीलचा पल्ला टांगतो आणि बिलावर 'फायर डोअर १२० मिनिटं' लिहितो. ते १२० मिनिटांचं दार राहिलेलं नसतं. बिजागऱ्या ॲल्युमिनिअमच्या लावल्या तर तेच. ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे पहिल्या काही मिनिटांतच सत्तर किलोचा पल्ला चौकटीतून निसटू लागेल.

चौकट भिंतीत कशी बसवतात तिथे स्वतः उभे राहा. पोकळ स्टीलची चौकट असेल तर आतून मसाला भरलेला हवा, आणि चौकट नि भिंत यांच्यातल्या फटीत उत्पादकाने सांगितलेलाच पदार्थ. आपल्याकडे डब्यातला पिवळा फोम मारून मोकळं व्हायची पद्धत आहे. साधा पीयू फोम जळतो. फोम मारलेला दिसला की मी काम थांबवतो, मग कंत्राटदाराशी संबंध कितीही जुने असोत. पल्ला आणि चौकट यांच्यात बाजूने नि वरून तीन-चार एमएम फट, खालची फट चाचणी अहवालात असेल तेवढीच. जुन्या इमारतीत फरशी दर दाराशी वेगळ्या उतारावर असते, म्हणून ही खालची फटच सगळ्यात जास्त बिघडते.

रुंदीचा घोळ जुन्या इमारतीत हमखास होतो. बाहेर पडायच्या दाराची रुंदी किमान १००० एमएम आणि उंची २००० एमएम, असं कोड सांगतो. तुमचं जुनं भोक समजा पावणेचार फुटांचं आहे. लाकडी चौकट काढून तिच्या जागी स्टीलची चौकट लावली तर माप कसंबसं टिकतं. तिच्या आत दुसरी चौकट घातली, जी बसवणाऱ्याला फार सोपी पडते, तर गेलं. माप नेहमी दार पूर्ण उघडल्यावर उरणाऱ्या मोकळ्या जागेचं घ्या, चौकटीच्या बाहेरचं नको. दार बाहेर पडणाऱ्याच्या दिशेने, म्हणजे मजल्यावरून जिन्याकडे आणि तळाशी जिन्यातून बाहेर असं उघडलं पाहिजे. सरकतं दार किंवा रोलिंग शटर सुटकेच्या वाटेवर चालत नाही. तळमजल्यावर जिन्याच्या तोंडाशी वॉचमन रात्री ओढून घेतो तो कोलॅप्सिबल गेट यातच मोडतो, आणि रात्री उशिरापर्यंत काम करणारी ऑफिसं तुमच्या इमारतीत आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडणं हाही नियम आहे. जिन्याच्या दारांना पॅनिक बार, म्हणजे ढकलला की दार उघडणारा आडवा दांडा, लावा. बायोमेट्रिक आणि मॅग्नेटिक लॉक असेल तर वीज गेली किंवा फायर अलार्म वाजला की ते आपोआप सुटलं पाहिजे. अलार्मच्या पॅनेलशी ती जोडणी खरोखर केलीय का, अलार्म वाजवून बघा. ॲक्सेस कंट्रोलवाल्याने फायर डोअरमध्ये आपल्या मर्जीने ड्रिल मारलं की त्या दाराच्या प्रमाणपत्राचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. ते भोक कारखान्यातच पाडून घ्या. गच्चीचं दार विसरू नका. २३ मार्च २०१० ला कोलकात्यात स्टीफन कोर्टला आग लागली, ४३ माणसं गेली, आणि वर पळालेल्यांना गच्चीचं दार कुलूपबंद सापडलं. चोरीची भीती खरी आहे, तिच्यावर अलार्म लावलेला पॅनिक बार हा उपाय आहे.

क्लोजर हा सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. फायर डोअर आपोआप बंद झालंच पाहिजे, नाहीतर ते महागडं उघडं दार आहे. क्लोजर दाराच्या वजनाचा आणि रुंदीचा घ्या. युरोपीय वर्गवारीत फायर डोअरला किमान ३ नंबरची ताकद लागते. मीटरभर रुंद आणि सत्तर किलोचा पल्ला असेल तर ४ नंबर. कमी ताकदीचा लावला तर दार शेवटच्या दोन इंचांवर अडकतं आणि कडी बसत नाही. जास्त ताकदीचा लावला तर लोक कंटाळून दाराला अग्निशामक सिलिंडरचा टेकू देतात. हे मी विनोदाने सांगत नाहीये, कुठल्याही ऑफिस इमारतीचे चार मजले फिरून बघा. दिवसभर दार उघडं ठेवणं खरंच गरजेचं असेल, उदाहरणार्थ पँट्रीवाला सतत ट्रॉली नेतो, तर अलार्मबरोबर सुटणारा चुंबकी होल्डर बसवा.

लिफ्ट लॉबीच्या दाराबद्दल कमिटी कुरकुर करेल, कारण लिफ्टसमोर दार कोणालाच आवडत नाही. ८ मार्च २०२१ ला कोलकात्यातल्या न्यू कोयलाघाट इमारतीत, पूर्व रेल्वेच्या ऑफिसांत, आग लागली आणि नऊ जण गेले. त्यांत आग विझवायला आलेले जवानही होते, आणि बहुतेक लिफ्टमध्ये सापडले. लिफ्ट नेमकी आगीच्या मजल्यावर उघडली तर लॉबीत धूर असू नये, एवढंच ते दार करतं. तुमच्या इमारतीत जागेअभावी ते शक्य नसेल तर अधिकाऱ्याशी आधी बोला. त्या बदल्यात काय करता येईल हे तो सांगू शकतो, तुम्ही मनानेच ठरवू शकत नाही.

कागदांचं थोडक्यात. विक्रेत्याकडे माहितीपत्रक मागू नका, चाचणी अहवाल मागा. आयएस ३६१४ या भारतीय मानकाप्रमाणे, किंवा ब्रिटिश बीएस ४७६ भाग २२ किंवा युरोपीय ईएन १६३४ प्रमाणे. अहवाल कोणत्या प्रयोगशाळेचा ते बघा. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेचे अहवाल आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलेत. मग तीन गोष्टी जुळवा: चाचणीतल्या दाराचं माप तुमच्या दाराहून लहान नाही ना, पल्ले तेवढेच आहेत ना (एकपाखी दाराच्या अहवालावर दोनपाखी दार विकतात), आणि बिजागरी-कुलूप-काच त्याच मेकची आहे ना. अभेद्यता आणि उष्णतारोधन यांची मिनिटं वेगळी लिहिलेली असतात. '१२० मिनिटं' हा आकडा दोन्हींचा आहे की एकट्या अभेद्यतेचा, हे विचारा आणि अग्निशमन विभागाला काय अपेक्षित आहे त्याच्याशी ताडून बघा. दारावर धातूची खूणपट्टी असते तिच्यावर रंग चढू देऊ नका, फुगणाऱ्या पट्टीवर तर मुळीच नाही. काम झाल्यावर लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म ए, म्हणजे काम नियमाप्रमाणे झाल्याचं प्रमाणपत्र, घ्या.

तुमच्या चौथ्या मजल्यावरची परदेशी कंपनी म्हणते की त्यांच्या मुख्यालयाच्या मानकात जिन्याला ३० मिनिटांचं दार पुरतं. त्यांचं खोटं नाही. ब्रिटनमध्ये बऱ्याच ऑफिसांत तसं चालतं. अमेरिकेत दोन तासांच्या भिंतीला नव्वद मिनिटांचं दार चालतं. पण त्या त्या देशात बाकीची व्यवस्था, बंबाला पोचायला लागणारा वेळ, तपासणी हे सगळं वेगळं असतं. इथे इथला आकडा.

पैसे एकदम नसतील, आणि ते कोणाकडेच नसतात, तर माझा क्रम असा: आधी मीटर रूम आणि मजल्यांवरचे वीज डक्ट. मग जिना, वरच्या मजल्यांपेक्षा आधी खालचे, कारण खालचा धूर सगळ्यांना मिळतो, वरचा फक्त वरच्यांना. मग लिफ्ट लॉबी. केबिनची दारं सुताराकडे. पण हा क्रम ठरवण्यापूर्वी मंजूर नकाशाची प्रत, भोगवटा प्रमाणपत्र आणि दारांचं मजलेनिहाय वेळापत्रक जोडून अग्निशमन विभागाला पत्र द्या आणि लेखी अभिप्राय घ्या. माझ्यासारख्या सल्लागाराचं मत आणि त्या विभागाचा कागद यांत कागदच खरा. दुसरा जिना आहे की नाही, स्प्रिंकलर आहेत की नाहीत, तळघरात गाड्या लावता की नाही, यावर त्यांचं उत्तर बदलू शकतं.

ऑर्डर देताना सगळी दारं एका मापाची समजू नका. जुन्या इमारतीत एकाच जिन्यावरची दोन भोकं दोन-तीन सेंटिमीटरने वेगळी निघतात आणि ओळंब्यात (सरळ उभी) तर क्वचितच असतात. फायर डोअर जागेवर तासून बसवता येत नाही, तासलं की प्रमाणपत्र गेलं. म्हणून जुनी चौकट काढून, भोक गवंड्याकडून ओळंब्यात आणि गुण्यात (काटकोनात) घेऊन, मगच माप कारखान्याला पाठवा. दार बनून यायला काही आठवडे जातात. तोपर्यंत ते भोक उघडं राहील, म्हणून एका वेळी एकाच मजल्याच्या चौकटी काढा आणि मधल्या काळात त्या मजल्यावर वेल्डिंग, कटिंग, पॉलिश असली कामं होऊ देऊ नका. एका मजल्यावर दार बसलं, क्लोजरने स्वतःहून मिटून कडीत बसलं, तीन वेळा तपासलं, की मग पुढच्या मजल्याला हात लावा.